विक्रम कुठल्या टेबलावरचा?

१९ मार्च १९५४. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं स्प्रिंगफील्ड हे गाव. तिथल्या ईस्ट हाय बिलियर्ड क्लबात विली मॉस्कोनी प्रदर्शनीय सामना खेळत होता. पूलच्या टेबलावर त्यानं एकामागून एक चेंडू पॉकेटात घालायला सुरुवात केली आणि दोन तास उलटून गेले तरी त्याचा नेम चुकेना. अखेर तो चुकला तेव्हा सलग ५२६ चेंडू झाले होते. जमलेल्या लोकांनी प्रतिज्ञापत्रावर सह्या करून तशी साक्ष दिली. पुढं पासष्ट वर्षं हा आकडा कुणाला ओलांडता आला नाही. पूलविषयीच्या कुठल्याही पुस्तकात तो तुम्हाला सापडेल. जे तितकं चटकन सापडत नाही ते असं, की ते टेबल आठ फुटी होतं.

त्यात काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. पण मॉस्कोनी १९४१ साली पहिल्यांदा जगज्जेता झाला तो दहा फुटी टेबलावर. १९५० च्या सुमारास स्पर्धांचं टेबल नऊ फुटांवर आलं होतं. आणि त्याचा सगळ्यात गाजलेला पराक्रम झाला तो त्याहूनही एक फुटानं आखूड टेबलावर, कारण त्या संध्याकाळी त्या क्लबात तेच टेबल होतं. म्हणून विक्रम खोटा ठरतो का? मुळीच नाही. पण तो कुठल्या टेबलावरचा, हे विचारल्याशिवाय त्याचा अर्थही लागत नाही.

मी काही पूल खेळणारा माणूस नव्हे. कविता लिहिणाऱ्याला मात्रा मोजायची सवय असते, तेवढाच माझा मोजमापाशी संबंध. पण या खेळाचा इतिहास वाचू लागलो तेव्हा मला खेळाडूंपेक्षा टेबलाचीच गोष्ट जास्त रंगतदार वाटली. आज तीच सांगणार आहे.

आपल्याकडे ही गोष्ट कॅरमवरून पटकन समजेल. गल्लीतल्या बोर्डाची पॉकेटं कधी ऐसपैस असतात, आणि त्यावर राजा असलेला मुलगा स्पर्धेच्या बोर्डावर बसला की दोन डावांत रडकुंडीला येतो. स्पर्धेच्या बोर्डावर पॉकेटचा व्यास ४.४५ सेंटिमीटर, आणि सोंगटी तीन सेंटिमीटरांहून किंचित मोठी. म्हणजे पॉकेट सोंगटीच्या जेमतेम दीडपट. पावसाळ्यात बोर्ड जड होतो, स्ट्रायकर अडखळतो, बोरिक पावडर हात सैल सोडून टाकावी लागते. बोर्ड बदलला की खेळ बदलतो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

आता पूलचं टेबल पाहा. नऊ फुटी म्हणतात त्या टेबलाची खेळायची जागा १०० इंच लांब आणि ५० इंच रुंद. चेंडू सव्वादोन इंची. कोपऱ्याचं पॉकेट साधारण साडेचार इंच, म्हणजे दोन चेंडू शेजारी शेजारी मावतील एवढं. स्नूकरचं टेबल बारा फुटी, चेंडू थोडे लहान, पण पॉकेटं साडेतीन इंचांच्या आसपास आणि तोंडाशी गोलाई दिलेली. चेंडू काठाला जरा चाटून गेला तरी बाहेर फेकला जातो. रशियात ‘पिरामिड’ नावाचा खेळ आहे. तिथं चेंडू ६८ मिलिमीटरचा आणि कोपऱ्याचं पॉकेट ७२-७३ मिलिमीटरचं. अंगठीतून बोट जावं तसा चेंडू आत जातो. हे सगळे एकाच कुळातले खेळ, पण एकातला उस्ताद दुसऱ्यात शिकाऊ ठरू शकतो.

लांबीचा हिशोबही साधा आहे. काठीचं टोक केसभर चुकलं तर एका फुटावर ती चूक दिसत नाही, चार फुटांवर दिसते, आठ फुटांवर चेंडू पॉकेटाच्या बाहेर आदळतो. चूक तीच, अंतर तिला मोठं करतं. मग टेबल लहान केलं की खेळ सोपा झाला, असंच ना? इथं एक गंमत आहे. टेबल लहान केलं तरी चेंडू लहान होत नाहीत. नऊ फुटी टेबलावर मोकळे बसणारे पंधरा चेंडू सात फुटी टेबलावर दाटीवाटीनं उभे राहतात. नेम सोपा होतो, वाट अवघड होते. आठवड्याच्या बाजारात सायकल काढल्यासारखं. म्हणून ‘एट-बॉल’ हा पंधरा चेंडूंचा खेळ लहान टेबलावर डोकेबाज होतो, तर ‘नाइन-बॉल’ हा नऊ चेंडूंचा खेळ त्याच टेबलावर फार सोपा होऊन बसतो.

आता थोडं मागं जाऊ. बिलियर्ड्स हा मुळात हिरवळीवरचा खेळ. पंधराव्या शतकात युरोपातल्या सरदारांनी तो घरात आणला. फ्रान्सचा राजा अकरावा लुई याच्याकडे तसं टेबल असल्याची नोंद आहे. टेबलावरची हिरवी बनात ही त्या गवताची आठवण. त्या टेबलावर आजच्या माणसाला बसवलं तर तो कपाळाला हात लावील. लाकडी फळ्या पावसाळी हवेत फुगायच्या, वाकायच्या. कडेला कापडाच्या पट्ट्या भरलेल्या. त्यांवरून चेंडू मेल्यासारखा परतायचा. चेंडू हस्तिदंती, हवा बदलली की त्यांचा आकार किंचित बदलायचा, आणि हत्तीच्या दाताला काही गणित येत नसल्यामुळं प्रत्येक चेंडूचा तोल वेगळा. टेबल स्वतःच इतकं बेभरवशाचं, की त्याला आणखी अवघड करायची गरज कुणाला वाटणार?

एकोणिसावं शतक म्हणजे या टेबलाला शिस्त लावण्याची शंभर वर्षं. फ्रान्सच्या कॅप्टन मिंगो यानं तुरुंगात असताना काठीच्या टोकाला चामड्याची टिकली लावली, असं सांगतात. १८०७ च्या सुमाराची ही गोष्ट. त्या टिकलीमुळं चेंडूला फिरकी देता येऊ लागली. लंडनच्या जॉन थर्स्टन यानं १८२६ पासून लाकडाऐवजी पाटीच्या दगडाचा तळ वापरायला घेतला. मग रबराच्या कुशन आल्या. पण थंडीत रबर दगडासारखं कडक व्हायचं, म्हणून खेळाआधी गरम पाण्याचे डबे कुशनला लावून ठेवायचे. गंधक घालून रबर पक्कं करण्याची युक्ती निघाली आणि १८४५ मध्ये तीही अडचण संपली. राहता राहिले चेंडू. हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्याला अमेरिकेत दहा हजार डॉलरचं इनाम लागलं होतं. जॉन हायट यानं १८६९ च्या सुमारास त्या खटपटीतून सेल्युलॉइड तयार केलं. प्लॅस्टिकच्या युगाची सुरुवात बिलियर्ड्सच्या टेबलावरून झाली, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

थोडक्यात, खेळाडूला छळणारी एकेक गोष्ट कारागिरांनी दूर केली. आणि ती दूर झाल्याबरोबर नवीनच पंचाईत उभी राहिली. खेळाडू चुकेनात.

इंग्लिश बिलियर्ड्समध्ये तीन चेंडू असतात. लाल चेंडू पॉकेटात घातला की तीन गुण, आणि तो परत वरच्या कुशनजवळच्या ठरलेल्या ठिपक्यावर ठेवायचा. काही धूर्त खेळाडूंच्या लक्षात आलं, की आपला चेंडू नेमक्या जागी थांबवता आला तर तोच लाल चेंडू पुन्हा पुन्हा त्याच पॉकेटात घालता येईल. झालं! तीन, सहा, नऊ, बारा... प्रेक्षक जांभया देत बसायचे आणि मार्कर गुण पुढं सरकवत राहायचा. डब्ल्यू. जे. पील या खेळाडूनं १८९० मध्ये याच पद्धतीनं एका पाळीत ३,३०४ गुण केले.

पण यावरचा उपाय त्याच्या वीस वर्षं आधीच शोधला गेला होता, आणि तो नियमात नव्हता, टेबलात होता. ११ फेब्रुवारी १८७० रोजी लंडनच्या सेंट जेम्स हॉलमध्ये विल्यम कुक आणि थोरला जॉन रॉबर्ट्स यांच्यात अजिंक्यपदाचा सामना झाला. त्यासाठी मुद्दाम वेगळं टेबल तयार केलं. पॉकेटं अरुंद करून तीन इंचांवर आणली आणि लाल चेंडूचा ठिपका वरच्या कुशनच्या आणखी जवळ सरकवला. वीस वर्षं ज्याला कुणी हात लावू शकलं नव्हतं, त्या रॉबर्ट्सला कुकनं १२०० विरुद्ध १०८३ असं हरवलं. माझ्या माहितीप्रमाणं, अव्वल खेळाडूंना आवरण्यासाठी अवघड टेबल बांधायची कल्पना इथं पहिल्यांदा एवढ्या ठळकपणे अमलात आली.

आणि ती फसली. कारण अजिंक्यपदाचा सामना क्वचित कधीतरी व्हायचा. रोजचा खेळ आणि रोजची कमाई साध्या टेबलावरच होती. लोकांना मोठ्या पाळ्या पाहायच्या होत्या. हॉलचे मालक गिऱ्हाइकाला चिडवणारी तीन इंची पॉकेटं कशाला लावून घेतील? १८८५ नंतर हे अजिंक्यपद बरीच वर्षं बंदच पडलं. त्यानंतर त्या एका फटक्यावर नियमानं बंधन आलं ते १८९८ मध्ये.

पुढची साठ वर्षं हाच खेळ चालू राहिला. खेळाडू नवी फट शोधणार आणि नियम करणारे ती बुजवणार. १९०७ मध्ये टॉम रीस यानं दोन चेंडू पॉकेटाच्या तोंडाशी असे अडकवले, की आपला चेंडू त्यांना नुसता चाटवत राहिलं की गुण मिळत जावेत. पाच आठवडे तो रोज येऊन ते करत होता. गुण झाले ४,९९,१३५, आणि तेही नाबाद! तो फटकाही अर्थात बंद झाला. १९३२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर लिंड्रमनं जो डेव्हिसविरुद्ध ४,१३७ गुणांची पाळी केली. डेव्हिस जवळजवळ तीन तास खुर्चीत बसून होता. लिंड्रमचा खेळ अप्रतिम होता, यात वाद नाही. पण त्या तीन तासांत बिलियर्ड्सचा अंत लोकांना दिसला असावा. १९३४ नंतर सतरा वर्षं व्यावसायिकांची जागतिक स्पर्धाच झाली नाही. खुर्चीत बसलेल्या त्या डेव्हिसनं मात्र आधीच दुसरा घोडा हेरून ठेवला होता. १९२७ मध्येच त्यानं स्नूकरची पहिली जागतिक स्पर्धा उभी करून ती जिंकलीही होती. टेबल तेच बारा फुटी, पॉकेटं तीच, पण चेंडू तीनाचे बावीस झाले आणि एकाच जागी बसून गुण खाणं संपलं.

या स्नूकरचं गाव आपल्यापासून फार लांब नाही. १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये, बाहेर पाऊस आणि आत रिकामपण, अशा दिवसांत नेव्हिल चेंबरलेन या अधिकाऱ्यानं हा खेळ जुळवला, आणि पुढं उटीच्या क्लबात त्याचे नियम लिहिले गेले. (ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन ते वेगळे.) पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. कुठल्याही वैयक्तिक खेळातलं भारताचं ते पहिलं जागतिक विजेतेपद. १९६४ मध्ये न्यूझीलंडला त्यांनी ते पुन्हा मिळवलं. मग मुंबईच्या मायकेल फरेरांनी १९७७, १९८१ आणि १९८३ अशी तीन विजेतेपदं आणली. या परंपरेचा आपल्याला अभिमान आहे आणि असावा. पण एक गोष्ट नजरेआड करू नये. बारा फुटी टेबल म्हणजे पाटीच्या दगडाचे पाच तुकडे, टनाच्या वरचं वजन, आणि भोवती काठी फिरवायला मोठी खोली. असं टेबल कुठं असणार? जिमखान्यात, मेसमध्ये, संस्थानिकांच्या वाड्यात. आत जायला सभासदत्व लागायचं. टेबलाचं माप हे नुसतं फुटांत मोजायचं नसतं. दार कुणाला उघडं, हेही त्यात येतं.

अमेरिकेत हे दार वेगळ्या रीतीनं उघडलं. ‘पूल’ या शब्दाचा मूळ अर्थ सगळ्यांनी मिळून लावलेली रक्कम. घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावायच्या खोल्यांना ‘पूलरूम’ म्हणत, आणि शर्यतींच्या मधल्या वेळात गिऱ्हाइकांनी रेंगाळावं म्हणून तिथं टेबलं ठेवत. टेबलाला जुगाराचं नाव चिकटलं ते कायमचं. त्या जुन्या काळी मॉस्कोनीच्या पिढीचा खेळ होता ‘स्ट्रेट पूल’. पंधरापैकी चौदा चेंडू घालायचे, एक राखायचा, चौदा पुन्हा त्रिकोणात रचायचे, आणि राखलेला चेंडू घालता घालताच तो त्रिकोण फोडायचा. म्हणजे ५२६ चेंडू घालायला मॉस्कोनीला सदतीस वेळा नवा त्रिकोण फोडावा लागला. हे वाचल्यावर मला त्या आठ फुटांचं जरा कमी वाटू लागलं, हे कबूल करतो.

दहा फुटांचं नऊ फूट का झालं, याचं उत्तर खेळात शोधायला जाऊ नका. जागेत शोधा. काठी साधारण ५८ इंच लांब असते. टेबलाच्या चारही बाजूंना तेवढी मोकळी जागा हवी. नऊ फुटी टेबलाला या हिशोबानं १४ बाय १८ फुटांची खोली लागते. दहा फुटीला त्याहून मोठी. शहरात भाडी वाढली की टेबल आक्रसणारच. आमच्या गावात काही वर्षांपूर्वी पूल पार्लर निघालं, तेव्हा भाच्याबरोबर मीही डोकावलो होतो. आठ फुटी टेबलं होती. नऊ फुटी का नाही आणलं, असं विचारल्यावर मालक म्हणाला, “काका, भाडं चौरस फुटावर असतं, खेळावर नाही.” पूलच्या शंभर वर्षांच्या इतिहासावर मी जाड पुस्तकं वाचली, पण एवढं नेमकं वाक्य त्यांत नव्हतं.

मग १९५०-६० च्या दशकांत आलं नाण्यावर चालणारं टेबल. सात फुटी, बारच्या कोपऱ्यात मावणारं. नाणं टाका, पंधरा चेंडू बाहेर येतात. पॉकेटात गेलेला चेंडू पुढच्या नाण्यापर्यंत पेटीत बंद. पण पांढरा चेंडू पॉकेटात गेला तर तो परत मिळायला हवा, नाहीतर खेळ तिथंच थांबेल. यंत्रानं पांढरा चेंडू ओळखायचा कसा? तर तो इतरांपेक्षा मोठा किंवा जड करा. केला! आणि त्यामुळं फटक्याची अख्खी एक जात आजारी पडली. काठी चेंडूच्या खालच्या अंगाला मारली की पांढरा चेंडू समोरच्याला धडकून मागं सरकतो. पूलमधला हा सगळ्यात देखणा फटका. चेंडू जड असेल तर तो मागं यायला कुरकुरतो, उलट पुढंच ढकलत जातो. लाखो अमेरिकनांचा हात या जड चेंडूवर घडला. कुणा खेळाडूची अशी मागणी नव्हती, की कुठल्या संघटनेनं तसा ठराव केला नव्हता. पेटीतल्या यंत्राची सोय, एवढंच. पुढं चुंबकानं ओळखता येणारे नेहमीच्या मापाचे पांढरे चेंडू आले, पण तोवर एक पिढी घडून गेली होती.

त्या पिढीला मी कमी लेखत नाही. अमेरिकेतल्या हौशी लीगचे बहुतेक सामने सात फुटी टेबलावरच होतात आणि तिथली चुरस खरी असते. फक्त तिथला राजा नऊ फुटीवर गेला की लांबचे नेम त्याला दगा देतात. आणि नऊ फुटीचा राजा सात फुटीवर आला की गर्दीत अडकतो. फिलिपाइन्सचा एफ्रेन रेयेस हा या सगळ्याला अपवाद म्हणावा असा माणूस. मनिलात काकांच्या पूल हॉलमध्ये वाढला. हात पुरत नव्हता म्हणून थंड पेयांच्या खोक्यांवर उभा राहून खेळायचा, रात्री टेबलावरच झोपायचा. दमट हवेतलं ओलसर कापड म्हणजे चेंडूला चिखलातून चालवणं. अशा टेबलांवर ज्याचा हात तयार झाला तो १९८० च्या दशकात अमेरिकेत उतरला. १९९४ मध्ये तो यूएस ओपन आणि १९९९ मध्ये कार्डिफला जागतिक नाइन-बॉल जिंकला. टेबल कुठलंही द्या, दोन-चार डावांत त्याची नाडी त्याला कळायची.

टेलिव्हिजन आलं आणि स्ट्रेट पूल मागं पडून नाइन-बॉल पुढं आला. चटपटीत खेळ, एक डाव पाच मिनिटांत. पण इथंही १८७० चीच गोष्ट फिरून आली. १९९६ मध्ये डॅलस इथं एका नव्या व्यावसायिक मालिकेनं जाहीर केलं, की सलग दहा डाव एकहाती संपवेल त्याला दहा लाख डॉलर. आयोजकांनी त्याचा विमा उतरवला होता. पहिल्याच स्पर्धेत अर्ल स्ट्रिकलंडनं सलग अकरा डाव घेतले! विमा कंपनीनं हात आखडता घेतला आणि प्रकरण कोर्टाच्या वाटेला लागलं. मला आपलं वाटतं, की शक्यतेचं गणित मांडणाऱ्यांनी खेळाडूचा विचार केला असेल. टेबल, पॉकेटं, कापड यांचा केला होता की नाही कोण जाणे.

२००१ च्या यूएस ओपनमध्ये कोरी ड्युएलनं आणखी एक फट दाखवली. डावाचा पहिला फटका सगळे जण दणकून मारत. हा हलकेच मारायचा, आणि रचना व्यवस्थित असली की एक ठरावीक चेंडू ठरावीक पॉकेटात चालत जायचा. अंतिम सामन्यात त्यानं मिका इमोनेनला ११-० असं गुंडाळलं. झालं, पुन्हा नियमांची शिंपीगिरी सुरू. फटका कुठून मारायचा त्याची चौकट आखा, चेंडूंची रचना थोडी सरकवा, नऊऐवजी दहा चेंडूंचा खेळ काढा. आणि अलीकडच्या वर्षांत मोठ्या स्पर्धांनी तो जुना उपायही पुन्हा बाहेर काढला आहे, पॉकेटं अरुंद करण्याचा. साडेचार इंचांवरून सव्वाचार, आणि काही ठिकाणी त्याहूनही कमी.

इथं माझं मत थोडं वेगळं आहे. उर्दू गझलेत वृत्त, काफिया आणि रदीफ मिळून जी चौकट ठरते तिला ‘जमीन’ म्हणतात. काफिया-रदीफ फारच अडनिडा घेतला तर ती ‘संगलाख जमीन’, म्हणजे खडकाळ. दिल्लीचे उस्ताद शाह नसीर अशा जमिनींसाठी नावाजलेले होते. मुशायऱ्यात त्यांचा दरारा असे. पण अशी गझल वाचताना कवी नांगर मोडू नये म्हणून जपतो आहे, हे दिसत राहतं. शेर मोकळा होत नाही. अरुंद पॉकेटाचं तसंच आहे. पॉकेट दोन चेंडूंएवढं रुंद असतं तेव्हा चांगला खेळाडू त्याच्या मधोमध मारत नाही. तो चेंडू कधी डाव्या अंगानं आत सोडतो, कधी उजव्या, आणि त्या अर्ध्या इंचाच्या फरकानं पांढऱ्या चेंडूची पुढची दिशा बदलतो. कौशल्य तिथं आहे. पॉकेट आवळलं की ही मोकळीक जाते. एकच वाट उरते, मधोमध. मग शहाणा खेळाडू धोका घेत नाही, पांढरा चेंडू कुशनला चिकटवून ठेवतो आणि समोरच्याच्या चुकीची वाट पाहतो. चुका वाढतात, हे खरं. पण खेळ वाढतो असं मला वाटत नाही.

लांबी वाढवली तर गोष्ट वेगळी. पॉकेट तेवढंच राहतं, त्यातली मोकळीक राहते, पण तिथपर्यंत पोचायला हात सरळ आणि दमदार लागतो. म्हणजे वृत्त लांबलचक आहे, दम टिकवावा लागतो, पण शब्द निवडायचं स्वातंत्र्य शाबूत आहे. दोन अडचणींपैकी एक निवडायची तर मी लांब टेबल निवडीन. अर्थात भाडं मला भरायचं नाही.

मॉस्कोनीचा विक्रम अखेर २७ मे २०१९ रोजी मोडला. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथं जॉन श्मिट यानं सलग ६२६ चेंडू घातले, आणि तेही नऊ फुटी टेबलावर. २०२२ मध्ये जेसन शॉ यानं ७१४ पर्यंत मजल मारली. आता तरी वाद मिटावा की नाही? नाही मिटला. श्मिटकडे गुळगुळीत, वेगवान कापड होतं. मॉस्कोनीच्या काळातलं कापड लोकरी आणि संथ. श्मिटनं या एका पाळीसाठी कॅमेरा लावून महिनोन् महिने प्रयत्न केले. मॉस्कोनी एका संध्याकाळी खेळायला आला होता. इकडे एक फूट जास्त, तिकडे सवड जास्त. दोघांना एका टेबलावर आणायची सोय नाही. मॉस्कोनी १९९३ मध्ये गेला.

एक मात्र झालं. अमेरिकेतल्या डर्बी सिटी क्लासिक या स्पर्धेत २०१० च्या दशकात दहा फुटी टेबलावरचे सामने मुद्दाम सुरू झाले, टेन-बॉलचे. नाव ठेवलं ‘बिगफूट’. नऊ फुटीवर सफाईनं खेळणारे आजचे नामवंत त्या टेबलावर लांबचे नेम चुकताना दिसले. प्रेक्षकांच्या हे लक्षात आलं असेल की नाही, सांगता येत नाही. पण माप तेच होतं, मॉस्कोनी १९४१ मध्ये ज्यावर पहिल्यांदा जगज्जेता झाला ते.